दोन वर्षं वाढवून

देवचंद गुरुजींनी कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं, पट्टीनं चार रेघा मारल्या आणि सगळ्यात वर लिहिलं, ‘कु. रेणू उमेंद्र कापगते : पाच वर्षांचं नियोजन’. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी हात अजून फळ्यावर लिहिल्यासारखाच चालायचा. अक्षर टपोरं, आणि समोरच्यानं मुकाट उतरवून घ्यावं ही अपेक्षा.

बारावीचा निकाल लागून महिना उलटला होता आणि कॉलेजच्या प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस होता. कापगत्यांच्या घरात कोणी काय शिकायचं हे गुरुजी ठरवत आले होते. पोटच्या मोहितला त्यांनी डी.एड. करायला लावलं. तो आता अर्जुनीला लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवायचा. नियोजन चुकलं असं मात्र घरात कोणी म्हणायचं नाही. भरती निघाली नाही, असं म्हणायचं.

“पह्यले तीन वर्सं बी.एस्सी.,” गुरुजी सांगू लागले. “मंग दोन वर्सं बी.एड. त्याच्यात अध्यापन पद्धती गनित अन् विज्ञान, हेच घ्यायचं. सहावी ते आठवीले गनित-विज्ञानाचा मास्तर कुठंच भेटत नाही. बी.एड.च्या शेवटच्या वर्सी टीईटीचा दुसरा पेपर. समजून राहिलं ना, रेणू?”

“हो, मोठे बाबा,” रेणू म्हणाली. तिचं लक्ष पानाकडे नव्हतं, माजघराच्या दाराकडे होतं.

दारात तिची आई उभी होती. पुष्पांजलीचा पदर कपाळापर्यंत होता आणि अर्धं अंग दाराआड. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत तिनं वीस वर्षं पाळली होती. गुरुजींना काही सांगायचं असलं की ती जावेला सांगे, नाहीतर रेणूला, आणि गुरुजीही उत्तर द्यायचे ते भिंतीकडे पाहून. एकाच छपराखाली राहून दोघं वीस वर्षांत एक वाक्यही समोरासमोर बोलले नव्हते. पाहुण्यांना या गोष्टीचं कौतुक वाटे.

“रेणू,” पुष्पांजली दारातून म्हणाली, “मोठ्या बाबाले विचार, मास्तरकीच्या भरतीले वयाची अट किती असते?”

“मागासवर्गाले त्रेचाळीस,” गुरुजी भिंतीला म्हणाले. “पन तुले कायची चिंता? तू तं सतराची हायेस.”

रेणूनं एकदा आईकडे पाहिलं आणि एका दमात बोलून टाकलं. “मोठे बाबा, मी बी.एस्सी. करतो. पन मास्तरीन मले नाही व्हायचं. आईले व्हायचं हाय. आईनं बारावी देली, माह्यासंगच.”

गुरुजींची बायको सुभद्राबाई शेवयांसारख्या सरगुंड्यांवर आंब्याचा रस वाढत होत्या. पळी तशीच वर राहिली आणि रस गुरुजींच्या धाकट्या भावाच्या, उमेंद्रच्या मनगटावर सांडला. त्याला ते कळलंही नाही.

“कोनती बारावी?” तो म्हणाला.

“बारावी म्हनजे बारावी, बाबा. आर्ट. दहावी तं लग्नाच्या आधीच झाली होती तिची. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. छासट टक्के पडले.”

“पन ते तं तुह्या पेपरले संग येत होती! डबा घेऊन झाडाखाली बसत होती!”

“डबा होताच,” पुष्पांजली हळूच म्हणाली. “पन मी बाजूच्या वर्गात होती.”

उमेंद्रनं फेब्रुवारी-मार्चात स्वतः मोटारसायकलवर दोघींना सेंटरवर सोडलं होतं. रेणूला पेपर नसेल त्या दिवशीही बायको म्हणाली, अर्जुनीला दवाखान्यात जायचं आहे, तर त्यानं तेही खरं मानलं. दर वेळी तो फाटकावर म्हणायचा, ‘पेपर चांगला सोडव’, आणि एकीलाच म्हणायचा. सगळ्या गावाची शेतं ज्याला बांधानिशी पाठ, त्याला आपल्या मोटारसायकलवर मागे कोण बसलं आहे ते ठाऊक नव्हतं.

“फॉर्म कोनं भरून देला?” गुरुजींनी विचारलं.

मोहित उगाच मोबाईल पाहू लागला. मग म्हणाला, “मीच. काकीनं म्हटलं कोनाले सांगू नोको, तं नाही सांगितलं.”

“माह्या घरात, माह्या पोरानं!” गुरुजींचा चेहरा पडला. बाहेरच्यानं दगा दिला तर माणूस निदान रागावतो. पोटच्या पोरानं सतरा नंबरचा फॉर्म लपवला तर काय करायचं, हे त्यांना सुचेना.

सुभद्राबाईंना मात्र लगेच सुचलं. त्यांनी पळी भांड्यात आपटली. “वा वा! माय-लेकी एका कॉलेजात. उद्या हिच्या पोरीले पोट्टे विचारतीन, तुही बहीन हाय का? अन् रोवन्याचं काय? धानाचे पऱ्हे टाकून झाले, आता पंधरा दिसांत बाया लागतीन. बांधावर कोन उभं राहीन? का मी राहू ह्या गुडघ्यानं?”

“बाई, कॉलेज सकारचं हाय,” पुष्पांजली म्हणाली. “साडेअकराले मी घरी. दुपारचं रोवनं माह्याकडंच.”

“म्हनजे सगळं ठरवून बसली!”

ठरवून तर बसलीच होती. तिनं ब्लाऊजमधून चार घड्यांचा कागद काढून रेणूच्या हाती दिला आणि रेणूनं तो गुरुजींसमोर ठेवला. वहीचं पान होतं. बी.ए.चे विषय इतिहास, भूगोल आणि मराठी. इतिहास मुख्य का, भूगोल जोडीला का, ते एकेका ओळीत. बी.एड.च्या दोन अध्यापन पद्धती. टीईटीला सामाजिक शास्त्राचा पेपर, त्याचा अभ्यास बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू, कारण शेवटी सराव पाठांमुळे वेळ मिळत नाही. रोवणी आणि कापणीचे महिने वेगळे खुणा करून दाखवले होते. त्या महिन्यांत किती दिवस गैरहजर राहिलं तर चालेल, हेसुद्धा.

गुरुजींनी पान दोनदा वाचलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांच्या पोरांची नियोजनं केली होती, आणि हे त्यांच्या स्वतःच्या कॅलेंडरवरच्यापेक्षा चांगलं होतं. ते त्यांना कळलं आणि मनापासून झोंबलं.

“सामाजिक शास्त्रच कायले?” त्यांनी भिंतीला विचारलं.

“त्यायले सांग रेणू,” दारातून उत्तर आलं, “आपल्या शाळेत सहावी ते आठवीले तो मास्तरच नाही, दोन वर्सं झाले. पोट्टे इटियाडोह धरनाच्या पान्यावर जगून राहिले, गावच्या तलावाच्या पारीवर क्रिकेट खेळून राहिले, अन् तलाव कोनं बांधला विचारलं तं म्हनतेत, सरकारनं. आपल्याच पनज्यानं बांधलेला तलाव.”

हे ऐकून उमेंद्रला हसू आलं, आणि थोडा अभिमानही वाटला. “दादा, हे तं खरं हाय,” तो म्हणाला. सुभद्राबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा रसाकडे वळला.

गुरुजींनी चष्मा पुसला. मग त्यांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्यावर येते ती शांती आली.

“नियोजन चांगलं हाय,” ते म्हणाले. “पन पह्यलंच पाऊल चुकलं. जन्मतारीख पाह्यलीच नाही. एक जुलै एकोणीसशे शहाऐंशी. मले तोंडपाठ हाय, दाखला मीच देला होता. तीन अन् दोन पाच, म्हनजे बी.एड. होईल दोन हजार तीसले. त्रेचाळीस तं एकोनतीसच्या जुलैतच ओलांडून जातीन. वर्सभर उशीर. फॉर्मच घेनार नाहीत. आता नियमापुढं आपन काय करनार? सांग तुह्या आईले.”

सुभद्राबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. उमेंद्रनं मान खाली घातली. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. भांडायचं नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही. नियमच आडवा आला.

तेव्हा माजघराचं दार पूर्ण उघडलं. पुष्पांजली ओसरीत आली. पदर डोक्यावर होता, कपाळावर नव्हता. ती भासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, वर्गात उत्तर द्यायला उभं राहतात तशी.

“गुरुजी,” ती म्हणाली, “मी शहाऐंशीची नोहो.”

ती काय म्हणाली याचा धक्का नंतरचा. ती त्यांच्याशी बोलली, याचाच पहिला होता. आणि तिनं ‘गुरुजी’ म्हटलं होतं. माहेरच्या बोंडटोल्याच्या शाळेत, गुरुजींच्या वर्गात पाचवी ते सातवी ती रोज हेच म्हणत होती, हे या घरात सगळे विसरून गेले होते.

“नऊ नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी,” तिनं दुसरा कागद ठेवला. त्यावर बोंडटोला ग्रामपंचायतीचा शिक्का होता. “जन्माच्या नोंदीचा उतारा हाय. पंचायतीतल्या खेमराजभाऊनं काढून देला. बारावीच्या फॉर्मसाठी दाखला काढला तवा मले ते शहाऐंशी दिसलं. ह्या तारखेनं बी.एड. होईल तवा मी एकेचाळीसची. वर्स-दीड वर्स भरतीची वाट पाहू शकतो. तुमच्या तारखेनं एक दिवसबी नाही.”

“माह्या तारखेनं?” गुरुजींचा आवाज बारीक झाला.

“तुमीच लिहिली ना ते.”

खोटं बोलावं असं गुरुजींच्या मनात आलं. कारकुनाची चूक, जुनं रजिस्टर, असं काहीतरी. पण समोर जी उभी होती ती त्यांच्या वर्गात पहिली यायची, आणि तिच्यापुढे त्यांना खोटं बोलता आलं नाही.

त्यांना तो दिवस आठवला. दोन हजार एक साल, सातवीचा निकाल. तिचे वडील भैय्यालाल लांजेवार दाराशी चप्पल काढून उभे होते. ‘गुरुजी, पोरीचे दोन वर्सं वाढवून टाका. पुढं लग्नाले अडचन नोको.’ बोंडटोल्यात पोरीचा बाप दाखला न्यायला आला की हे म्हणायचाच, जसं पाहुणा निघताना ‘येतो’ म्हणतो. गुरुजींनीही कधी नाही म्हटलं नव्हतं. रजिस्टरात ब्लेडनं खरवडायचं, वर लिहायचं, बाजूला सही. पोरीचं कल्याणच होतं त्यात. तेव्हा तसंच वाटलं होतं.

“सगळेच करत होते,” ते म्हणाले. “माह्या एकट्याचं नाही. तुह्या बापानंच सांगितलं होतं.”

“बापानं सांगितलं, हे खरं हाय,” पुष्पांजली म्हणाली. “पन पेन तुमच्या हातात होता, गुरुजी.”

उमेंद्र मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होता. शेती करणाऱ्या माणसाला वर्षं मोजायला वेळ लागत नाही. त्याचं बोट एका जागी थांबलं आणि पुढे जाईना.

“दादा,” तो म्हणाला, “आमचं लगीन दोन हजार पाचच्या मे महिन्यात.”

त्यानं पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं.

“म्हनजे हे सोळाची होती. साडेसोळा. मी चोवीसचा.” त्यानं रेणूकडे पाहिलं. रेणू सतरा वर्षं पाच महिन्यांची होती. अजून भाताला पाणी किती घालायचं ते विचारायची, अजून चुलतभावाशी रिमोटवरून भांडायची. “रेणूपेक्षा लहान! दादा, मी तवा तुले विचारलं होतं. पाहून आलो त्या दिवशीच म्हटलं होतं, पोरगी लहान दिसते. तू काय म्हटला? ‘दाखला मी पाह्यला हाय, अठरा पूर्न.’ पाह्यला हाय म्हने! तूच तं लिहिला होता!”

“हुशार पोरगी होती,” गुरुजी म्हणाले. “मले वाटलं, आपल्याच घरात यावं. पुढं शिकवू म्हटलं होतं मी.”

“शिकवलं का?” हे सुभद्राबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी चमकून तिकडे पाहिलं. सुभद्राबाई नवऱ्याला उलट बोलल्याचं मोहितनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या पाट सोडून उठल्या होत्या, आणि गुडघ्याचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे.

पहिल्या वर्षीचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं. नवी सून हळद लागलेल्या हातांनी भिंतीला टेकून झोपून जायची. वीस माणसांचा भात करपवायची आणि मग गोठ्यात जाऊन रडायची. सुभद्राबाई तिला म्हणाल्या होत्या, अठराची घोडी झाली, भात शिजवता येत नाही, माय-बापानं काय शिकवलं? एकदा नव्हे, वर्षभर म्हणाल्या होत्या. शेजारणींनाही सांगितलं होतं, आळशी आली म्हणून.

“लेकरू होतं व ते,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. “अन् तुमाले मालूम होतं. रोज मी तिले बोलत होती, तुमी इथंच पेपर वाचत बसत होते, अन् तुमाले मालूम होतं! एक डाव तं म्हनायचं, सुभद्रे, जाऊ दे, लहान हाय. एक डाव!”

खरं उत्तर असं होतं की गुरुजींच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं. एकदा सही केली की तीच तारीख खरी. चोवीस वर्षं त्यांनी स्वतःच लिहिलेलं खरं मानलं होतं, आणि घटकाभरापूर्वी नियम म्हणून तेच तिच्या पुढ्यात टाकलं होतं. याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

“आता काय पाहिजे तुले?” त्यांनी विचारलं. भिंतीला नाही, तिला.

उत्तर मोहितनं दिलं. “मी विचारून ठेवलं हाय, बाबा. उतारा जोडून बोर्डाकडं अर्ज करावा लागते. पन रजिस्टरातच चुकीचं लिहिलं होतं, ते कोनं अन् काऊन लिहिलं, हे त्या वेळच्या मास्तरानं शपथपत्रावर लिहून द्यावं लागन. तरी होईनच असं नाही. पन त्याच्याशिवाय तं अर्जच पुढं सरकनार नाही.”

“म्हनजे मी खाडाखोड केली, असं मी लिहून देऊ? सही करून?” गुरुजींची नजर नकळत भिंतीवर गेली. तिथे जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार घेतानाचा फोटो होता. “पेन्शन चालू हाय माही. उद्या कोनी चौकशी लावली तं? लोक काय म्हनतीन?”

“मले तुमचं नाव खराब नाही करायचं,” पुष्पांजली म्हणाली. “माहं लगीन मोडायचं नाही, बापाले शिव्या द्यायच्या नाहीत. बाप तं मरूनबी गेला. मले फक्त माही तारीख पाहिजे. तुमी नाही लिहिलं तरी मी उद्या कॉलेजात जाईन. पन मंग शिकून मी मास्तरीन होनार नाही, एवढंच. हे तुमी ठरवा.”

रेणू आईजवळ जाऊन उभी राहिली होती. सुभद्राबाई तिच्या पलीकडे. उमेंद्र उठला आणि काही न बोलता तोही तिकडे गेला. गुरुजी एकटे उरले.

मग त्यांनी कॅलेंडरचं पान बाजूला सारलं, कोरा फुलस्केप ओढला आणि खिशातलं पेन काढलं.

‘मी, देवचंद श्यामलाल कापगते, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की…’ अक्षर तसंच टपोरं होतं. ‘पुष्पांजली भैय्यालाल लांजेवार या विद्यार्थिनीची रजिस्टरातील खरी जन्मतारीख मी स्वतः खोडून, दोन वर्षं वाढवून…’ एक वाक्य पूर्ण झालं की ते थांबत आणि पुष्पांजली वाकून वाचत असे. एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं. त्यांनी ‘नजरचुकीने’ असं लिहिलं होतं. गुरुजींनी तो शब्द खोडला.

सही करून त्यांनी कागद मोहितकडे दिला. उमेंद्रनं मोठा श्वास सोडला. सुभद्राबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चला, जेवून घ्या आता, सरगुंडे आळले.”

गुरुजी मात्र हलले नाहीत. त्यांनी दुसरा फुलस्केप ओढला.

“त्या वर्सी सातवीत पोरी किती होत्या?” त्यांनी विचारलं.

“नऊ,” पुष्पांजली म्हणाली.

“नऊही जनींचे दाखले मीच देले.” ते नावं लिहू लागले. नावं त्यांना आठवत होती, शाळामास्तराला हजेरी आठवतेच. तिसऱ्या नावावर ते थांबले. “दुर्गेश्वरी. तिचे तीन वर्सं वाढवले होते. लगीन ठरूनच तिचा बाप आला होता. ते कुठं असते आता?”

पुष्पांजलीनं कागदावरच्या त्या नावाकडे पाहिलं.

“गेली ना ते, गुरुजी. पह्यल्याच बाळंतपनात. तुमी मातीले आले होते.”

गुरुजींना आठवलं. गेले होते ते. तिच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालेही होते, एकोणीसची पोरगी, नशीब बाबा. आपणच वाढवलेल्या तारखेवरून त्यांनी तिचं वय काढलं होतं.

“तिची खरी तारीख सांग,” ते कसेबसे म्हणाले. “तिचंबी लिहून देतो.”

“मले मालूम नाही, गुरुजी. मी माहा उतारा काढाले गेली, तवा तिचाबी पाह्यला. ग्रामपंचायतीत तिची नोंदच नाही. तिची तारीख फक्त तुमच्या रजिस्टरात होती.”